पहिला अर्थ

"तू वाती वळत राहा, सूनबाई. बोलायचं काही नाही. जिथे समजणार नाही तिथे नुसते हात थांबव," असं म्हणून नानांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

त्या चातुर्मासात मी लक्षवातींचा नेम धरला होता. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून देवापुढे बसायचं, कापसाच्या वाती वळायच्या आणि वळत असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्या या मौनाचा माझ्या सासऱ्यांना फार उपयोग व्हायचा. धुळ्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तरी दर हिवाळ्यात कॉलेज त्यांना एका व्याख्यानाला बोलवायचं. एकच इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून निघाला, कुठे कुठे मुक्काम करत आपल्यापर्यंत आला, ते तासभर सांगायचं. मुलं त्याला आमच्या आडनावावरून 'गर्ग्यांचा शब्द' म्हणायची. हे व्याख्यान नाना आधी घरी माझ्यावर करून बघत. मी मराठी सातवी झालेली. माझे हात थांबले नाहीत म्हणजे कॉलेजातल्या मुलांनाही समजेल, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या शेजारी अच्युतभावजी कापसातली सरकी काढत बसले होते. हे माझे धाकटे दीर. तिशी ओलांडलेली, अंगापिंडाने नानांसारखेच उंच आणि गोरे, पण मन मात्र सात-आठ वर्षांच्या मुलापाशी येऊन थांबलेलं. सरकी काढायचं काम त्यांना मनापासून आवडायचं. एकेक बी काढून वाटीत टाकायचे आणि तिचा टण असा आवाज झाला की माझ्याकडे बघून हसायचे.

"यंदाचा शब्द 'सिली'," नानांनी सुरुवात केली. "आज याचा अर्थ काय? मूर्ख, खुळा. पण हजार वर्षांपूर्वी हाच शब्द 'सेलिग' होता आणि त्याचा अर्थ होता भाग्यवान. सुखी. ज्याच्यावर देवाचा हात आहे असा. मग तो खाली कसा आला? शब्द एका दिवसात घसरत नाही, सूनबाई. जिन्यावरून उतरावा तसा उतरतो, एकेक पायरी."

मग त्यांनी तो जिना उतरून दाखवला. ज्याच्यावर देवाची कृपा, तो निष्पाप असणारच, म्हणून शब्दाचा अर्थ झाला निष्पाप. निष्पाप माणूस कुणाच्या वाटेला जात नाही, म्हणून निरुपद्रवी. निरुपद्रवी माणसाला कुणीही टपली मारून जावं, म्हणून झाला बिचारा. मेंढरं, तान्ही मुलं, निराधार बाया, यांच्याबद्दल लोक हा शब्द वापरू लागले. बिचारा म्हणजे दुबळा. आधी अंगाने दुबळा, पुढे बुद्धीने दुबळा, आणि शेवटी मूर्ख.

"आपणही काही कमी नाही," नाना म्हणाले. "'देवानांप्रिय' ही एकेकाळी सम्राटाची पदवी होती. देवांचा लाडका. पुढे आपल्याच पंडितांनी तिचा अर्थ मूर्ख करून टाकला. देवाचा लाडका आणि मूर्ख यांत माणसांना फरक करता आला नाही. तिकडेही नाही आणि इकडेही नाही."

माझे हात थांबले.

"कुठे अडलं?" नानांनी विचारलं.

मला बोलायचं नव्हतं आणि खरं तर काही अडलंही नव्हतं. माझी नजर नुसती शेजारी गेली होती. नानांचीही गेली. भावजी वाटीत बी टाकायचे थांबले आणि म्हणाले, "नाना, वहिनी थांबली. परत सांगा."

नानांनी कागद गोळा केले आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले.

मी भावजींना 'तुम्ही' म्हणायची. नात्याने धाकटे असले तरी दीर, म्हणून माहेरून शिकून आले होते तसंच म्हणत राहिले. बाकी घरात, गल्लीत सगळे त्यांना अच्यू म्हणत, अरे-तुरे करत. त्यांना या 'तुम्ही'ची फार अपूर्वाई. भाजीवालीला, पोस्टमनला, कुणालाही थांबवून सांगायचे, "वहिनी मला अहो म्हणते."

सासूबाई होत्या तोवर त्यांचं सगळं त्याच बघायच्या. त्या गेल्यावर ते आपोआप माझ्याकडे आलं आणि मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, कूस उजवली नव्हती. न्हाऊ-माखू घालायला, ताट वाढायला घरात कुणीतरी होतं, ही देवाचीच कृपा, असं मी मनाशी म्हणायची. त्या वर्षी मात्र मला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा आत्याबाई येऊन राहिल्या. त्या नानांच्या धाकट्या बहीण. लहानपणीच नवरा गेलेला. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण मनात येईल ते बोलून मोकळ्या होत.

आल्या आल्या त्यांनी विषय काढला. पोटुशी बाई दिवसभर खुळ्याचं तोंड बघत बसते, उद्या पोर त्याच्याच वळणावर गेलं तर काय करायचं, असं त्या नानांना म्हणाल्या. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यांनी, त्यांना गप्प केलं. पण मला एकटीला गाठून हे म्हणाले, "आत्याचं सोडून दे. पण बाळ झाल्यावर तू कुणाकडे बघशील? परवा तो बँडच्या मागे गेला, तो पार पांझरा नदीपलीकडच्या गावात सापडला. तू बाळंतिणीच्या खोलीत, मी ऑफिसात. धावणार कोण?"

बँड वाजला की भावजी निघालेच. लग्नाचा असो की मुंजीचा. मुंजीचा तर विशेष.

यांनी नगरकडचा एक आश्रम पाहून ठेवला होता. अशाच माणसांसाठी काढलेला. स्वतः जाऊन पाहून आले होते. माणसं मायाळू आहेत, स्वच्छ आहे, मळा आहे, म्हणाले. कार्तिक संपायच्या आत न्यायचं ठरत आलं. नाना यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढ्यातला भात कालवत राहिले. भावजी नेहमीप्रमाणे मागल्या ओसरीवर एकटे जेवत होते. सोवळ्याच्या पंगतीत त्यांना पाट नव्हता, कारण त्यांची मुंज पुरी झाली नव्हती.

ती कशी राहिली, ते सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. भावजी आठ वर्षांचे असताना नानांनी थाटात मुंज काढली. कॉलेजातली मोठमोठी मंडळी आली होती. बापाने मुलाच्या कानात मंत्र सांगायचा, तो तिसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून दोघांच्या डोक्यावरून शेला पांघरतात. शेला पांघरला, नानांनी तोंड कानाशी नेलं आणि मुलाला गुदगुल्या झाल्या. तो खदखदून हसला. नानांनी पुन्हा सुरुवात केली, तो पुन्हा हसला. मग मांडवही हसू लागला. नाना शेला फेकून उठले, आत गेले आणि खोलीला कडी लावून बसले. गुरुजींनी खूप वाट पाहिली आणि शेवटी आपली पळी-पंचपात्री आवरली. सासूबाई म्हणाल्या, त्या दिवसापासून नानांनी पोराच्या कानाजवळ तोंड नेलं नाही. जे काही सांगायचं ते लांबूनच.

एके सकाळी त्या दिवसाच्या वाती पुऱ्या झाल्यावर मी नानांसमोर जाऊन उभी राहिले.

"नाना, माझ्या उद्यापनाला पाटावर ब्राह्मण म्हणून भावजींना बसवीन म्हणते."

"त्याची मुंज कुठे झालीय?"

"अर्धी झालीय. उरलेली करा." एरवी मी त्यांच्याशी इतकं बोलत नसे. पण त्या दिवशी बोलले. "त्यांना जायचंच असेल तर अर्धवट पाठवू नका."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "तो हसेल, सूनबाई."

"हसू दे की."

तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही घरच्या घरीच मुंज उरकायचं ठरवलं. मुहूर्ताचं मी गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, राहिलेलं पुरं करायला मुहूर्त कसला, प्रायश्चित्त घेऊ आणि करून टाकू. मांडव नाही, वाजंत्री नाही. भावजींचा गोटा केला, शेंडी ठेवली. ते सारखे शेंडीला हात लावून बघत होते. मुंजीआधी मुलाने आईच्या ताटात शेवटचं जेवायचं असतं. आई नव्हती, म्हणून मी बसले. पोटुशीने कसली बसतेस, असं आत्याबाई पुटपुटल्या, पण त्यांनीच ताट वाढून आणलं. आम्ही एका ताटात जेवलो. भावजी जिलबीचा एकेक तुकडा मोडून माझ्या बाजूला सरकवत होते.

"तुम्ही खा ना," मी म्हणाले.

"हे बाळाचं," ते म्हणाले.

मग शेला पांघरला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. हे भिंतीकडे बघत उभे राहिले. आतून भावजींचं हसू आलं, तसंच, खदखदून. शेला हलायला लागला. मी डोळे मिटून घेतले आणि नाना आता उठतील म्हणून वाट पाहू लागले. नाना उठले नाहीत. थोड्या वेळाने शेल्यातून दुसरं हसू ऐकू आलं. ते नानांचं होतं. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी ते कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मला ओळखायला वेळ लागला. दोघं बापलेक शेल्याखाली हसत होते. मग शांत झालं. मग नानांचं पुटपुटणं, आणि त्याच्यामागून भावजींचा जाडसर आवाज, एकेक अक्षर चाचपत येणारा. असं पुष्कळ वेळ चाललं. गुरुजींनीही घाई केली नाही.

शेला काढला तेव्हा नानांचे डोळे लाल झाले होते. नंतर मी भावजींना गमतीने विचारलं, कानात काय सांगितलं नानांनी? ते अगदी गंभीर झाले.

"सांगायचं नसतं, वहिनी."

झोळी पुढे करून भिक्षा मागितली ती पहिल्यांदा मी घातली. पळसाचा दंड हातात आला आणि भावजी दाराकडे निघाले.

"आता काशीला," ते म्हणाले.

आमच्याकडे मुंजीत ही एक गंमत असते. मुलगा दंड घेऊन, झोळी अडकवून काशीला निघतो. चार पावलं गेला की मामा मागून धावत येतो, हाक मारतो, माघारी फीर, तुला माझी मुलगी देतो म्हणतो, आणि मुलाला खांद्यावर घेऊन परत आणतो. सगळे हसतात. गल्लीतल्या एकूण एक मुंजींत भावजींनी हे पाहिलं होतं. पण त्यांचे मामा कधीच वारले होते. गुरुजी म्हणाले, ते सोडमुंजीचं, म्हणजे पुढे मुंज सोडतानाचं असतं, आत्ता नाही. भावजी दारातच उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा आत्याबाई पुढे झाल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जायचंय की रे राजा. पुनव झाली की जायचंय. मोटारीने जायचंय काशीला."

स्वयंपाकघरात मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, हे बरं नाही केलंत."

"रडत, ओरडत गेला असता ते बरं दिसलं असतं?" त्या म्हणाल्या आणि चुलीपुढे पाठ करून डोळे पुसू लागल्या. नाना दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पौर्णिमेला माझं उद्यापन झालं. मी भावजींना पाटावर बसवलं, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, चांदीची वात आणि तुपाचं निरांजन त्यांच्या हातात दिलं. मंत्र संपेपर्यंत त्यांनी ते जराही हलू दिलं नाही. पंगतीत नानांच्या शेजारचा पाट त्यांचा होता. नाना चित्राहुती घालतील तशी त्यांनी घातली, नाना आचमन करतील तसं केलं. त्या दिवशी मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की राहू दे, जाऊ दे तो आश्रम. नानांनी नुसतं म्हणावं, की पुरे होतं. नाना जेवून हात धुवायला उठले, दारापाशी थांबून वळले, आणि परत निघून गेले.

दोन दिवसांनी सकाळच्या एस.टी.ने निघायचं होतं. मीही स्टँडवर गेले. भावजींनी नवं धोतर नेसलं होतं, खांद्याला झोळी, हातात दंड. लोक बघत होते. त्यांना काहीच नव्हतं त्याचं. यांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. भावजींनी खिडकीतून हात बाहेर काढून नानांची बाही धरली.

"मामा नाही ना, नाना. मग हाक तुम्ही मारा."

नाना बाहीवरच्या हाताकडे बघत राहिले.

"लगेच नको हं. गाडी थोडी लांब गेली की मारा."

"मारतो," नाना म्हणाले.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. भावजी खिडकीतून मान काढून मागे बघत होते आणि हसत होते, खेळात लपलेल्या मुलासारखे. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, तरी मान बाहेरच होती. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा एक हात अर्धा वर आलेला होता. तोंड उघडलेलं होतं. ज्यांचा आवाज कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्यांच्या गळ्यातून काही निघालं नाही. गाडी दिसेनाशी झाली तरी ते तसेच उभे राहिले. शेवटी मीच म्हणाले, "नाना, घरी चला."

हे दुसऱ्या दिवशी परत आले. सगळं नीट झालं म्हणाले. अच्यू रडला नाही, जेवला. पण फाटकापाशी जाऊन बसतो. आत बोलावलं की म्हणतो, नाना हाक मारणार आहेत, आत गेलो तर ऐकू येणार नाही. तिथल्या माणसांनी संध्याकाळी गोडीगुलाबीने आत नेलं, तर पहाटे उठून परत तिथेच येऊन बसला. सवय होईल, म्हणाले.

नानांनी ताट बाजूला सारलं. "मी आणतो त्याला."

तेव्हा आत्याबाईंनी आणि यांनी समजूत घातली. सूनबाई मोकळी होऊ दे, मग बघू. आत्ता आणला तर पुन्हा नेताना जास्त जड जाईल. नाना ऐकून बसले. यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला आज म्हणवत नाही. मी मात्र रोज तुळशीपुढे उभी राहून एकच मागणं मागायची, मला लवकर सोडव.

त्या दिवसांत नानांनी व्याख्यानाचे कागद बाहेर काढले नाहीत. सकाळी मी देवापुढे बसले की ते येऊन भावजींच्या जागी बसायचे आणि कापसातली सरकी काढायचे. चातुर्मास संपला होता, नेम पुरा झाला होता, तरी मी रोज थोड्या वाती वळायची, ते त्यांच्याचसाठी. त्यांना सरकी नीट काढता येत नसे. वाटीत बी पडलं की दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

मार्गशीर्ष सरता सरता मला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांची. आत्याबाईंनी तिला उजेडात नेऊन पुष्कळ वेळ न्याहाळली आणि मग सुटकेचा निःश्वास टाकला. बारसं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना सकाळीच कोट-टोपी घालून बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी आले. थंडी कडाक्याची होती.

"निघतो. त्याला आणायला."

"मी येतो बरोबर," हे म्हणाले.

"नको. हाक मी मारायचीय."

मी एवढंच म्हणाले, "लांबूनच मारा, नाना. जवळ गेल्यावर नको. त्यांना तसंच आवडेल."

मी आत्याबाईंना त्यांचा पाट धुऊन ठेवायला सांगितला. त्यांनी रवा भाजायला घेतला, उद्या आला की गरम शिरा देऊ म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. छातीत थंडी भरून आदल्या दिवशी पहाटे भावजी गेले होते. नाना धुळ्याहून निघाले त्याच्याही आधी.

हे मिळेल त्या गाडीने धावले. तिसऱ्या दिवशी दोघे परत आले. नाना ओसरीवर बसले. त्यांच्या हातात पळसाचा दंड होता. मी बाळाला घेऊन दाराआड उभी होते. सुतक होतं, मी अजून बाळंतीण होते, शिवायचं नव्हतं. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"मी फाटकातूनच हाक मारली, सूनबाई. तू म्हणाली होतीस ना, लांबूनच. आत कुणाला विचारायचं सुचलंच नाही. तिथे दिसला नाही, म्हणून अजून दोनदा मारली. चांगली मोठ्याने. मग आतून एक गृहस्थ हात जोडून येताना दिसले. तरी मला कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, त्याला बाहेर पाठवा, तो हाकेचीच वाट बघतोय."

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाल्या, "मुंज झाली होती हे एक बरं, दादा. सगळं मंत्राने झालं असेल."

"झालं," नाना म्हणाले. "मंत्राने झालं."

माघात कॉलेजातून माणूस आला. यंदा राहू द्या, असं तोच म्हणाला, पण नाना म्हणाले, येतो. त्या वर्षी पहिल्यांदाच मी त्यांच्या व्याख्यानाला गेले. बाळाला आत्याबाईंकडे ठेवलं आणि मुलींच्या मागे, शेवटच्या बाकावर जाऊन बसले. काय करावं ते न सुचून पदराचं टोक बोटांत धरलं आणि वात वळावी तशी ते वळत राहिले.

नानांनी फळ्यावर शब्द लिहिला. इंग्रजी अक्षरं मला जेमतेम येतात, पण तो मला ओळखू आला. मुलांमध्ये खसखस पिकली. नानांनी हसू ओसरू दिलं. घरी ते नेहमी वरून सुरुवात करत आणि खाली येत. त्या दिवशी त्यांनी खालून सुरुवात केली.

"आज याचा अर्थ मूर्ख," ते म्हणाले. "आपण याच पायरीवर उभे आहोत, म्हणून आपल्याला हसू येतं. आता वर चढू. मूर्ख म्हणण्याच्या आधी लोक याला बुद्धीने दुबळा म्हणत. त्याच्याही आधी नुसता दुबळा."

त्यांनी दाखले दिले, वाक्यं म्हणून दाखवली, कुठल्या शतकात कोण काय म्हणत होतं ते सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, शेवटच्या बाकापर्यंत येणारा. दुबळ्याच्या वर बिचारा. बिचाऱ्याच्या वर निरुपद्रवी. मुलं आता हसत नव्हती, लिहून घेत होती. निरुपद्रवीच्या वर निष्पाप. तिथे ते पुष्कळ वेळ थांबले. टेबलावरचं पाणी प्यायले. माझी बोटं पदर वळत होती आणि पुढची पायरी मला पाठ होती. त्या हॉलमध्ये ती नानांच्या खालोखाल मलाच ठाऊक होती.

"आणि त्याच्याही वर," नाना म्हणाले आणि गप्प झाले. एका मुलाने लिहायला टाक उचलून धरला होता. नानांचे ओठ हलले. पुन्हा हलले. मला स्टँडवरची ती सकाळ आठवली.

"त्याच्या वरचा," ते शेवटी म्हणाले, "जो पहिला अर्थ, तो आता वापरात नाही."

त्यांनी फळा पुसला नाही. मुलांकडेही पाहिलं नाही. ओळीमागून ओळ ओलांडत त्यांची नजर शेवटच्या बाकापर्यंत आली आणि माझ्या हातांवर येऊन थांबली.

मी हात थांबवले नव्हते.